हौद्यातून सौंदत्ती

माझ्या वडिलांनी हत्तीवरचा हौदा पाहिला होता. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा ते बाविशीत होते आणि दरबारी गवई म्हणून नेमणूक होऊन त्यांना जेमतेम तीन वर्षे झाली होती. पुढली पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी शिकवण्यांवर संसार केला. पण कुणी 'आपण काय करता' असे विचारले की उत्तर एकच असे, 'दरबारी गवई.' मी त्यांचे शेंडेफळ. त्यांच्या त्रेपन्नाव्या वर्षी झालेला. मीही गाणेच शिकवतो. माझ्या वाट्याला हौदा आला तो मात्र पिकअप गाडीचा. आमच्या भागात लहान मालटेम्पोला 'छोटा हत्ती' म्हणतात आणि कुठल्याही मालगाडीच्या मागच्या उघड्या भागाला हौदा. लोकांनी संस्थाने गेल्यावर शब्द तेवढे मोडीत काढले नाहीत, हे बरेच झाले.

गेल्या मार्गशीर्षात या हौद्यावर संसार लादून आम्ही कोल्हापूरहून सौंदत्तीला गेलो. जाऊन येऊन सुमारे चारशे किलोमीटर, मुक्काम तीन. हट्ट आईचा. तिचे माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यातले आणि त्या घरचे दैवत सौंदत्तीची यल्लम्मा, म्हणजे आपली रेणुका. लग्नाआधी ती बैलगाडीतून एकदा गेली होती. लग्नानंतर कधीच नाही. वडिलांना तो विषयच आवडत नसे. मार्गशीर्षात दारावर चौंडके वाजू लागले की ते शिष्याला खुणेने थांबवीत, उठत आणि दार लावून घेत. 'ज्याला षड्ज नाही ते वाद्य नव्हे,' हे त्यांचे वाक्य मी लहानपणापासून ऐकले आणि पुढे माझ्या विद्यार्थ्यांनाही ऐकवले. वडील 2006 साली गेले. त्यानंतरही आईने सौंदत्तीचे नाव काढले नव्हते. यंदा चौऱ्याऐंशीव्या वर्षी मात्र एकाएकी म्हणाली, "मला डोंगरावर ने. आता पुढच्या सालाचं काय खरं न्हाई."

कोल्हापूरकरांना सौंदत्तीची वाट सांगायला नको. दरवर्षी मार्गशीर्षी पौर्णिमेला पेठापेठांतून एस.टी. गाड्या ठरवून भाविक जातात, आणि मंडळी परतली की ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील यात्रा भरते. पण सीमेवर कुठे खुट्ट झाले की पहिली बंद पडते ती एस.टी. त्यात डिसेंबर म्हणजे बेळगावच्या विधानसौधात अधिवेशनाचे दिवस. म्हणून आईच्या भाच्याने, माझ्या मामेभावाने, आपली पिकअप पुढे केली. तो तिच्यातून निपाणीच्या बाजारात तंबाखू आणि बेळगावला भाजी नेतो. गाडी दोन ओळींच्या केबिनची. चालकासह पाच माणसे रीतसर बसतात आणि मागे हौदा उरतो. मामाकडची बाकीची नऊ माणसे गावाने ठरवलेल्या एस.टी.तून यायची होती. त्यांचे सामानही आमच्याच गळ्यात.

सामान म्हणजे काय, तर दोन पितळी पातेली, परात, तवे, जळणाच्या दोन मोळ्या, शेगडी, जोंधळ्याचे पीठ, वांग्यांची करंडी, शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा, ताडपत्री, सतरंज्या आणि सगळ्यांवर फडक्यात बांधलेल्या परड्या. सौंदत्तीला जाणारा माणूस खानावळीत जेवत नाही. तिथे चूल मांडायची, नैवेद्य शिजवायचा, परडी भरायची, हाच त्या यात्रेचा अर्धा विधी.

पहिला खटका उडाला तो बसण्यावरून. आई म्हणाली, "मी मागं हौद्यात बसणार. सतरंजी टाका." मी साफ नाही म्हटले. मालाच्या हौद्यात माणसे बसवायला कायद्याची मनाई आहे, आणि ती उगीच नाही. जानेवारी 2023 मध्ये याच जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यातील चिंचनूरजवळ, सौंदत्तीलाच निघालेल्या भाविकांची अशी एक गाडी वडाच्या झाडावर आदळून सहाजण गेले. आईला हे सांगितले. ती म्हणाली, "बैलगाडीला काय काचा हुत्या व्हय?" मामेभाऊ हसून म्हणाला, "आत्या, बैल झाडावर जाऊन आदळत न्हवती." ती केबिनमध्ये बसली खरी, पण कागल येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

दुसरे संकट तंबाखूचे. गाडी धुतलेली होती. पण निपाणीच्या गाडीतला तंबाखू धुऊन जात नाही, तो पत्र्यात मुरलेला असतो. दुधगंगेचा पूल ओलांडेपर्यंत माझी पत्नी, मुलगी आणि मी आलटून पालटून शिंकत होतो. गळ्याला जपणाऱ्या माणसाने या गाडीत बसावे हा विनोदच. आईला मात्र एक शिंक आली नाही. उलट खिडकीला नाक लावून म्हणाली, "घर आलं जवळ."

तिचे घर म्हणजे हा निपाणीचा माळ. तंबाखूने इथे वाडे उभे केले आणि तंबाखू वळणाऱ्या बायकांच्या छातीत खोकलाही भरला. आम्ही जात होतो त्याच महामार्गावर 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या दरासाठी शेतकरी बायकापोरांसह ठाण मांडून बसले होते. शरद जोशींचे ते आंदोलन. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी पडले. माझे मामा त्या गर्दीत होते. मामेभावाने गाडी चालवता चालवता नुसती हनुवटीने जागा दाखवली. आता तिथून ताशी ऐंशीने गाड्या जातात.

तवंदी घाटानंतर रस्ता मोकळा झाला. संकेश्वर मागे पडले. साखर कारखान्यांचा हंगाम. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कर्णे लावून गाणी वाजवीत डुलत चाललेले. एका कर्ण्यावर मराठी, पुढच्यावर कानडी, आणि दोन्हींची चाल इतकी सारखी की मुलीने विचारले, "बाबा, हे एकच गाणं आहे का?" मी मास्तरकीच्या सवयीने व्याख्यान सुरू केले. म्हटले, या रस्त्यावरून गाणेही असेच ये-जा करीत आले आहे. अल्लादियाखाँसाहेबांना शाहू महाराजांनी 1895 च्या सुमारास कोल्हापूरच्या दरबारी आणले. धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन त्यांच्याच दोन मुलांकडे, आधी मंजीखाँ आणि मग भुर्जीखाँ यांच्याकडे, शिकले. कानडी बोलणाऱ्या कुंदगोळच्या रामभाऊंना 'सवाई गंधर्व' ही पदवी मराठी रंगभूमीने दिली. कुमार गंधर्व 1924 साली जन्मले ते सुळेभावीला, उद्या आपल्या वाटेत जवळच लागेल. 1956 साली राज्ये भाषावार वेगळी झाली. पण ख्याल कुणाच्या वाटणीला आला, हे कुठल्याही आयोगाने ठरवलेले नाही.

मागच्या बाकावरून आईने शांतपणे विचारले, "आन् ह्या रस्त्यानं कोल्हापूरला आलेली बाकीची माणसं?"

"कोण बाकीची?"

"काय न्हाई. चालू दे तुझं."

थोड्या वेळाने, हत्तरगी ओलांडल्यावर, तिने भाच्याच्या खांद्याला हात लावून गाडी थांबवायला सांगितली. एका फाट्यावर. आत कच्च्या-पक्क्या रस्त्याला दोन बाभळी, एक मैलाचा दगड, त्यावर कानडी अक्षरे. माझी पत्नी आधार द्यायला उतरली; तिला वाटले पाय आखडले असतील. आईने पदराच्या गाठीतला भंडारा काढला, चिमूटभर त्या दगडाला लावला, रस्त्याकडे बराच वेळ पाहिले आणि परत येऊन बसली. मी विचारले. म्हणाली, "वाटेतला देव हाय." दगडाला शेंदूर नव्हता, हे मी पाहिले होते, पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाचे देव वाढतात, असे म्हणून गप्प बसलो.

रात्रीचा मुक्काम बेळगावात, शहापूरला मावशीकडे. हे शहापूर एके काळी सांगली संस्थानचे. त्यामुळे मावशी अजून 'आमचे पटवर्धन' आणि आई 'आमचे छत्रपती' असा वाद घालतात. दोघी मिळून भाजीवालीशी मात्र अस्खलित कानडीत घासाघीस करतात. मावशीने कुंदा खिलवला. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून नेसरगी, यरगट्टी करीत काळ्या रानातून सौंदत्तीला पोचलो.

डोंगराचे वर्णन करीत नाही. ज्यांनी पाहिला त्यांना नको आणि न पाहिलेल्यांना शब्दांनी तो दिसणार नाही. एवढेच सांगतो की, जोगुळभावीच्या कुंडावर अंघोळी करून वर जाईपर्यंत माणूस, रस्ता, बैल, गाडी, सगळे हळदीचे होते. या पौर्णिमेला देवीचे कंकण उतरवतात. जमदग्नी गेला, रेणुका विधवा झाली, म्हणून बायका आपल्याही बांगड्या फोडतात. 'उदं गं आई उदं' हा घोष मराठी आणि कानडी तोंडांतून एकाच स्वरात निघतो. माझी शहरी मुलगी आधी बिचकली, मग आजीचा हात धरून सगळ्यांच्या पुढे गेली.

माळावर शेकडो गाड्या. एस.टी., ट्रॅक्टर, बैलगाड्याही थोड्या, आणि आमच्यासारख्या पिकअप तर मोजाव्यात किती! इथे गाडीचे गाडीपण संपते. मामेभावाने चाकांना दगड लावले, मागचा फाळका पाडला, हौद्यावर ताडपत्री ताणली, आणि त्या फाळक्याचा एकदम ओटा झाला. त्यावर भाकरी थापल्या गेल्या, वांगी चिरली गेली, परड्या मांडल्या गेल्या. एस.टी.तली नऊ माणसे आली. शेजारच्या गाडीवाल्यांनी आंबील दिली, आम्ही पोळ्या दिल्या. आई आता हक्काने हौद्यात जाऊन बसली. उभ्या गाडीत बसायला कायद्याची काय हरकत, असे तिने मला सर्वांदेखत विचारले.

तिन्हीसांजेला एक म्हातारी जोगतीण जोगवा मागत आली. काखेत चौंडके. ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लाकडाचे पोकळ नळकांडे, त्याच्या एका तोंडाला कातडे, कातड्यातून निघालेली तार. नळकांडे डाव्या काखेत दाबायचे, तारेचे टोक डाव्या मुठीत धरून ताणायचे आणि उजव्या हाताने छेडायचे. मूठ ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. मधे कुठेही थांबत नाही. आईने तिला बोलावून फाळक्यावर बसवले, मांडीला मांडी लावून. माझ्या मुलीने फोनवरचा तानपुरा सुरू केला आणि म्हातारीच्या तारेचा षड्ज शोधू लागली. मी मनात म्हटले, सापडायचा नाही. म्हातारीने फोनकडे कान केला, मूठ जराशी आवळली, आणि तार त्या षड्जावर अशी येऊन बसली की अंगावर काटा आला. दोन घटका ती तिथेच राहिली. मग मिश्किल हसून तिने तार पुन्हा सोडून दिली. म्हणजे तिला षड्ज माहीत होता; ती त्याच्याकडे मनाला येईल तेव्हा जात होती.

रात्री मुलगी हौद्यातच झोपली. पत्नी मामीकडे गेली. थंडी मी म्हणत होती. आई सतरंजीवर पाय पसरून बसली होती. चांदणे इतके की परडीतला दाणान्‌दाणा दिसत होता. मी म्हटले, "बाबांनी हे ऐकायला पाहिजे होतं."

ती म्हणाली, "त्यांनी काय ऐकलं न्हाई व्हय? त्यांचा जलमच त्याच्यावर झाला."

मग तिने सांगितले. सलग नाही, मधे परडी नीट कर, मधे नातीच्या अंगावर पांघरूण ओढ, असे करीत. माझ्या वडिलांच्या आईला लहानपणी देवाला सोडले होते. गळ्यात दर्शन बांधले होते, लालपांढऱ्या मण्यांचे. आम्ही थांबलो होतो त्या फाट्याच्या आत तिचे गाव. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी या चालीविरुद्ध 1920 साली कायदा केला. पण ते गाव ब्रिटिश मुलुखातले, तिथे कायदा आला 1934 साली. तोवर वडील सात वर्षांचे होते आणि आईच्या चौंडक्यामागे झील धरीत गावोगाव फिरत होते. कुणा गुणी माणसाने तो गळा ऐकला आणि पोराला कोल्हापूरला आणले. पुढचे आम्हांला ठाऊक होते. ते पुढचे होते, हे ठाऊक नव्हते.

"लग्नाच्या पैल्या साली," आई म्हणाली, "मार्गशीर्षात दारात एक म्हातारी आली, जोगवा मागत. हे आत शिकवत हुते. आवाज ऐकला आन् उठून भायेर आले. परडीत पाच रुपये ठेवले, पाया पडले आन् एक शबुद न बोलता आत गेले. त्या दिशी गायले न्हाईत. मला वाटलं देवभोळं माणूस हाय. तिसऱ्या साली मी म्हातारीला आत बलावलं, तवा ती म्हणाली, नको बाई, त्येला दरबारात जागा हाय, माझ्यामुळं हलंल. तवा दरबार तरी कुठं उरला हुता? पर तिला कोण सांगणार. आठ-नऊ सालं आली. मग यायची बंद झाली. त्यानंतर चौंडकं वाजलं की हे दार लावून घ्यायला लागले."

मी दार लावणारे वडीलच पाहिले होते. पाया पडणारे मी पाहिले नाहीत. मी तेव्हा जन्मलोच नव्हतो.

"इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी सोता न्हाई सांगितलं, मग मी कशी सांगू? आन् तू तरी कवा इचारलंस, बाबा, तुमचं गाव कुठलं?"

हे खरे होते. आमचे गाव कोल्हापूर, घराणे दरबारी, एवढ्यावर मी पंचेचाळीस वर्षे काढली. शिष्यांना घराण्यांच्या वंशावळी फळ्यावर लिहून देणारा मी, माझ्या आजीचे नाव मला चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईकडून एका भाजीच्या गाडीत बसून कळले. नाव इथे लिहीत नाही, गावाचेही नाही. त्या वस्तीतली माणसे कुठे कुठे गेली असतील, त्यांची नातवंडे काय सांगत असतील आणि काय झाकत असतील, ते उघडे करण्याचा मला अधिकार नाही. माझ्यापुरते मात्र मी लिहितो आहे. थोरल्या भावाला आधी वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "छापायला दे." कर्नाटकात 1982 साली पुन्हा नवा कायदा करावा लागला, यावरून ही गोष्ट फार जुनी नाही हे कळावे.

परतीच्या वाटेवर कुणी फारसे बोलत नव्हते. बेळगाव मागे पडले, काकती गेली. तो फाटा जवळ आला तशी मामेभावाने गती कमी केली. त्याला किती ठाऊक होते कोण जाणे. त्या बाजूच्या लोकांना पुष्कळ ठाऊक असते. "दादा, वळवू का आत?" मी आईकडे पाहिले. ती म्हणाली, "आत कोण हाय आता? चल." मी खाली उतरलो. दगडावर तिने लावलेला भंडारा वाऱ्याने अर्धा गेला होता. माझ्या बोटांना सौंदत्तीची हळद होतीच, ती मी तिथे लावली. नमस्कार कसा करावा ते सुचेना; गुरूला करतात तसा केला. मागून उसाचा ट्रॅक्टर कर्णा वाजवीत आला, मामेभावाने हॉर्न दिला, आणि मला पळत येऊन बसावे लागले.

कोल्हापुरात संध्याकाळी पोचलो. सामान उतरवले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला निपाणीत तंबाखू भरायची होती, म्हणून आमच्याच नळाला पाईप लावून तो हौदा धुवायला बसला. पातेल्यांची काजळी गेली, भाकरीचे पीठ गेले. पत्र्याच्या खाचांत बसलेली हळद काही निघेना. मुलगी जुना दात घासायचा ब्रश घेऊन खाचा घासू लागली. तो म्हणाला, "राहू दे गं, व्यापाऱ्याला सांगीन, डोंगरावरनं आलीय गाडी." ओले, पिवळे पाणी दारातून वाहत गटारापर्यंत गेले. आत शिकवणीची मुले येऊन बसली होती, त्यांचा तानपुरा लागत होता, आणि दार उघडे होते.